रेस्टॉरंट नको, वार शोधा: न्यू ऑर्लिन्समधली नऊ जेवणं

(आजच्या भागाचं हे लेखी रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, आणि ट्रिपला निघणार असाल तर सेव्ह करून ठेवा.)



गेले काही महिने तुमच्या मेसेजेसमध्ये एक प्रश्न फिरून फिरून येतोय. "लाँग वीकेंडला अमुक शहरात चाललोय, खायचं कुठे?" शहर बदलतं, प्रश्न तोच. सोबत बहुतेक वेळा एक स्क्रीनशॉट असतो. मॅपवर वीस लाल टिकल्या, प्रत्येकीला 4.5 नाहीतर 4.6 रेटिंग. "यातलं कुठलं?"

आज याचं उत्तर मी एकच शहर घेऊन देणार आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतलं, लुईझियाना राज्यातलं न्यू ऑर्लिन्स. फ्रेंचांनी 1718 मध्ये वसवलं, मधे काही दशकं स्पॅनिश राजवट आली आणि 1803 मध्ये ते अमेरिकेने विकत घेतलं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली माणसं, इथले मूळचे चोक्टॉ लोक, सिसिलीहून आलेले इटालियन, 1975 नंतर आलेले व्हिएतनामी, सगळे या शहराच्या स्वयंपाकघरात आहेत. साध्या गम्बोचंच बघा. जाडसर रश्श्याचा हा पदार्थ. त्याचं नाव आफ्रिकेतल्या बांटू भाषांमधल्या भेंडीच्या शब्दावरून आलं असं मानतात. रस्सा दाट करायची फ्रेंच पद्धत म्हणजे मैदा तेलात परतून केलेला 'रू'. आणि वरून घालायची ससाफ्रास झाडाच्या पानांची पूड चोक्टॉ लोकांकडून आली. एका वाडग्यात तीन खंड!

या मार्चमध्ये आई-बाबा भारतातून आले होते, तेव्हा आम्ही तिघं तिथे गेलो. ह्यूस्टनहून गाडीने साडेपाच-सहा तास. शुक्रवारी दुपारी निघायचं, सोमवारी जेवून परतायचं. बाबा कोकणातले, मासे म्हटलं की खूश. आई शाकाहारी, केकमधलं अंडं चालतं, त्यापुढे काही नाही. आणि तुमच्यापैकी ज्यांचे आई-बाबा इकडे येऊन गेलेत त्यांना हे चित्र माहीत असेल: सगळ्यांसमोर भरलेल्या प्लेट्स, आणि आईसमोर फ्रेंच फ्राइज आणि सॅलड. वर ती म्हणणार, "माझं काय गं, मी भागवते." मला ते 'भागवते' यावेळी नको होतं. दहा हजार मैल येऊन माणसाने भागवायचं कशाला?

आधी जेवणं मोजा

आपण इंजिनीअर मंडळी एक काम बरं करतो, आधी मर्यादा लिहून काढतो. शुक्रवार रात्र ते सोमवार दुपार म्हणजे नऊ जेवणं. त्यातले तीन नाश्ते. माणूस काही तिन्ही त्रिकाळ तुडुंब खात नाही, त्यामुळे नाश्ते हलके. उरली सहा. शुक्रवारी प्रवासातून थकून पोचणार, ते जेवण हॉटेलच्या आसपासच. उरली पाच.

फक्त पाच! मॅपवर टिकल्या वीस असोत की दोनशे, तुमच्याकडे जागा पाच आहेत. हे एकदा कळलं की डोकं शांत होतं. मग प्रश्न 'सगळ्यात भारी रेस्टॉरंट कुठलं' असा राहत नाही. 'या पाच जागांमध्ये काय बसवायचं' असा होतो. आणि प्रत्येक जागेला मी एक मालक दिला. हे जेवण आईचं, हे बाबांचं, हे माझं. ज्याचं जेवण, त्याची आवड आधी. बाकीचे त्या वेळी जुळवून घेतील. एकाच माणसाने पाचही वेळा जुळवून घ्यायचं नाही, एवढाच नियम.

रेटिंगला वार कळत नाही

आता मुख्य मुद्दा. 4.5 आणि 4.6 मध्ये काय फरक असतो? तुमच्या जिभेला कळेल असा काहीच नाही. ॲप तुम्हाला सांगतं की आत्ता, जवळपास, लोकांना काय आवडलं. आणि तुम्ही बूर्बन स्ट्रीटजवळच्या हॉटेलात बसून शोधलं, तर 'जवळपास' म्हणजे तुमच्यासारखेच दोन दिवसांसाठी आलेले लोक जिथे गेले ती ठिकाणं. त्यात वाईट काही नाही. पण हे शहर आज काय खातंय, हे त्यातून कळत नाही.

आणि न्यू ऑर्लिन्स हे वारावर आणि ऋतूवर जेवणारं शहर आहे. आपल्याकडे नाही का, संकष्टीला मोदक, संक्रांतीला गुळाची पोळी? गुळाची पोळी जूनमध्ये कुठे चांगली मिळते, हा प्रश्नच चुकीचा आहे. तसंच तिथे.

सोमवार घ्या. सोमवार म्हणजे रेड बीन्स अँड राइस. कारण साधं आहे. सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस असायचा. बायका दिवसभर धुण्यात अडकलेल्या, मग चुलीवर लाल घेवडा शिजत ठेवायचा आणि त्यात रविवारच्या जेवणातलं उरलेलं हॅमचं हाड टाकायचं. ढवळत बसायला नको, जळायची भीती नाही, संध्याकाळपर्यंत तयार. वॉशिंग मशिन आली, सोमवार मात्र टिकला. आजही शहरभर सोमवारी हाच बेत असतो. इथेच जन्मलेला जॅझचा बादशहा लुई आर्मस्ट्राँग आपल्या पत्रांखाली सही करताना याच पदार्थाचं नाव गुंफायचा, इतका जीव!

आता बघा, सोमवारी इथली बरीच नावाजलेली रेस्टॉरंट्स बंद असतात. ॲपवर बघणारा म्हणेल, सोमवार वाया गेला. वार माहीत असलेला म्हणेल, सोमवारची जागा तर आधीच भरलेली आहे.

ऋतूचंही तेच. क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले छोटे लॉबस्टरसारखे प्राणी, साधारण जानेवारीच्या शेवटापासून जूनपर्यंत, आणि खरी चंगळ मार्च-एप्रिलमध्ये. मॅगझिन स्ट्रीटवरचं कॅसामेंटोज हे 1919 पासूनचं ऑयस्टरचं ठिकाण उन्हाळ्यात चक्क कुलूप लावतं, कारण ऑयस्टर थंडीतले चांगले असं जुनं गणित. त्याच्या उलट हॅन्सेन्स स्नो-ब्लिझ. हे 1939 पासून गोळा विकतात, हो, बर्फाचा गोळा! तो थंडीत बंद, वसंत आला की उघडणार. किंग केक हा रंगीत साखरेचा केक 6 जानेवारीपासून मार्डी ग्रापर्यंत. म्हणजे तुम्ही जुलैत गेलात तर एक शहर, मार्चमध्ये गेलात तर दुसरं. तारीख ठरली की अर्धी यादी आपोआप ठरते.

मग आम्ही काय केलं

शुक्रवारी रात्री पोचलो. हॉटेलजवळ पो-बॉय घेतले. हे इथलं सँडविच, लांबट, बाहेरून कुरकुरीत आणि आतून हलक्या पावाचं. सांगतात ते असं की 1929 मध्ये स्ट्रीटकार कामगारांचा संप झाला. मार्टिन नावाचे दोन भाऊ, जे आधी स्वतः स्ट्रीटकारवर काम करायचे, त्यांनी संपकऱ्यांना फुकट सँडविच दिली. कामगार आत आला की म्हणायचे, आला बघा आणखी एक गरीब बिचारा, पुअर बॉय. त्याचा झाला पो-बॉय. गिरणी संपाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या बाबांना ही गोष्ट भलतीच आवडली. त्यांनी कोळंबीचा घेतला, आईने बटाट्याचा. हो, तळलेल्या बटाट्याचा पो-बॉय ही तिथली जुनी गोष्ट आहे. फक्त त्यावर बीफची ग्रेव्ही घालतात, ती नको म्हणून सांगायचं. आई म्हणाली, "वडापावच आहे, चटणी विसरलेत." आणि हो, कुणी 'ड्रेस्ड?' विचारलं तर कपड्यांकडे बघू नका. लेट्यूस, टोमॅटो, लोणचं, मेयोनीज घालू का, असं विचारतायत.

शनिवार दुपार बाबांची. सेंट चार्ल्स लाइनची स्ट्रीटकार पकडली. ही लाइन 1835 पासून चालू आहे. अपटाउनला उतरून थोडं चाललं की कॅसामेंटोज. आत टाइल्सच टाइल्स, छोटं, स्वच्छ. बाबांनी तळलेल्या ऑयस्टरचा लोफ घेतला आणि पहिल्या घासाला म्हणाले, "अगं, ही कालवं!" कालवंच ती. आईने सकाळी उशिरा पोटभर खाल्लं होतं, ती मजेत बसली होती, कारण पुढचा थांबा तिचा होता. तिथून हॅन्सेन्स जवळच. बर्फ किसायचं यंत्र मालकांच्या आजोबांनी स्वतः बनवलेलं. पावडरीसारखा मऊ बर्फ, त्यावर घरी केलेली सिरप. रांग लांब असते, पण पूर्ण रांगेत एकही माणूस वैतागलेला दिसत नाही.

शनिवार रात्र माझी. डूकी चेज.

इथे जरा थांबून सांगते, कारण या ठिकाणाला स्टार देऊन भागत नाही. ट्रेमे भागातलं हे रेस्टॉरंट 1941 मध्ये सुरू झालं. लिया चेज या सुनेने ते नावारूपाला आणलं. तेव्हा काळ्या आणि गोऱ्या माणसांनी एका टेबलावर जेवणं कायद्याने गुन्हा होता. आणि नेमकं इथेच, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, दोन्हीकडचे लोक एकत्र बसून नागरी हक्क चळवळीच्या बैठका घ्यायचे, गम्बो खात. मार्टिन ल्यूथर किंगही इथे जेवले. 2005 मध्ये कतरिना वादळात रेस्टॉरंट पाण्याखाली गेलं, लिया चेज तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. 2007 मध्ये पुन्हा उघडलं. 2019 मध्ये 96 व्या वर्षी त्या गेल्या. आता घरचेच लोक चालवतात. भिंतींवर आफ्रिकन-अमेरिकन चित्रकारांची चित्रं आहेत, तीसुद्धा त्यांनीच जमवलेली.

इथे आठवड्याचे ठरावीक दिवसच उघडं असतं, त्यामुळे मी ट्रिपची तारीख ठरल्या ठरल्या टेबल बुक केलं. आणि फोन करून आईसाठी काय होऊ शकेल तेही विचारून ठेवलं. त्यामुळे टेबलावर बसल्यावर मेन्यू घेऊन घाम फुटला नाही. आईने मात्र अर्धा वेळ भिंतींकडेच बघितलं. म्हणाली, "आपल्याकडे पाणवठ्यावर झालं, इथे जेवणाच्या टेबलावर." चवदार तळ्याची गोष्ट तिला आठवली होती. यापुढे मी काही बोलायची गरज नव्हती.

रविवारी सकाळी लवकर कॅफे दु मोंद. 1862 पासून. बेन्ये, म्हणजे चौकोनी तळलेला पाव, वर पिठीसाखरेचा ढीग. काळे कपडे घालून जाऊ नका! सोबत चिकोरीवाली कॉफी दुधातून. बाबा म्हणाले, "ही तर उडप्याकडची कॉफी." बरोबरच आहे, आपल्या फिल्टर कॉफीतही चिकोरी असतेच. फ्रेंच क्वार्टरमधली रांग नको असेल तर सिटी पार्कमध्येही त्यांची शाखा आहे, झाडाखाली निवांत.

रविवार दुपार आईची. शहराच्या पूर्व टोकाला, न्यू ऑर्लिन्स ईस्टमध्ये, व्हिएतनामी वस्ती आहे. तिथली डोंग फुओंग बेकरी 1982 पासूनची. 2018 मध्ये तिला जेम्स बीअर्ड फाउंडेशनचा 'अमेरिकाज क्लासिक्स' सन्मान मिळाला. गंमत म्हणजे शहरातल्या कितीतरी पो-बॉयचा पावही तिथूनच जातो. व्हिएतनामी बौद्ध लोकांत शाकाहाराची जुनी परंपरा आहे. मेन्यूवर 'चाय' हा शब्द दिसला की समजायचं शाकाहारी. त्या भागातल्याच एका छोट्या ठिकाणी आईला टोफूचं, भरपूर हिरव्या पाल्याचं जेवण मिळालं आणि तिने वर मिरचीही मागून घेतली. हे ठिकाण 'माझ्या जवळपास' शोधून कधीच सापडलं नसतं, ते फ्रेंच क्वार्टरपासून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर आहे.

रविवारी रात्री फ्रेंचमेन स्ट्रीटवर संगीत ऐकलं आणि थोडंसंच खाल्लं. पाच जागांमधली एक मुद्दाम मोकळी सोडा. पोटाला पण सुट्टी लागते.

शाकाहारींसाठी एक प्रश्न

आता सोमवार. पण त्याआधी हे लिहून घ्या. दक्षिणेत 'यात मीट आहे का?' हा प्रश्न पुरत नाही. उत्तर प्रामाणिकपणे 'नाही' येतं, आणि पालेभाजी मात्र डुकराच्या हाडाबरोबर तासभर शिजलेली असते. त्यांच्या दृष्टीने ते मीट नाही, ती फोडणी आहे. दक्षिणेत 'व्हेजिटेबल'च्या यादीत मॅकरोनी अँड चीजसुद्धा असतं, म्हणजे शब्दांवर जाऊच नका. विचारायचं असं: हे कशात शिजवलंय? स्टॉक कशाचा आहे? हॅम, सॉसेज किंवा चरबी घातली आहे का? गम्बो, रेड बीन्स, ग्रीन्स, ग्रिट्स, प्रत्येकाला हाच प्रश्न. आणि गर्दीच्या वेळी नाही, दुपारी तीनच्या सुमारास फोन करून. तेव्हा स्वयंपाकघराला उत्तर द्यायला वेळ असतो.

मी असे चार फोन केले. तीन ठिकाणी नाही म्हणाले, नीट बोलून. चौथ्या ठिकाणी, मिड-सिटी भागातल्या एका छोट्या खाणावळीत, बाई म्हणाल्या, मोठ्या पातेल्यात हॅम असतं, पण सोमवारी एक लहान पातेलं बिनमांसाचं ठेवतो, अकरापर्यंत या.

आम्ही पावणेअकराला दारात. आईसमोर प्लेट आली. पांढरा भात, वर दाट लाल घेवडा, बाजूला कॉर्नब्रेड. आई म्हणाली, "हा तर राजमा की गं! जिरं नाही घातलंय." मग मी तिला धुण्याच्या सोमवारची गोष्ट सांगितली. ती खाता खाता थांबली. म्हणाली, "आमच्याकडे गोधड्या धुवायच्या दिवशी आजी खिचडी टाकायची. सगळीकडे सारखंच." तिने आणखी भात मागितला. बाहेर पडताना म्हणाली, "आज पोटभर जेवले." भागवलं नाही म्हणाली. जेवले म्हणाली.

त्या जागेचं रेटिंग मी तेव्हाही बघितलं नव्हतं.

पैशाचं आणि कपड्यांचं

दोन व्यवहाराच्या गोष्टी. मोठ्या नावांच्या जागी जायचंच असेल तर दुपारी जा. कमांडर्स पॅलेससारखं 1893 पासूनचं रेस्टॉरंट दुपारी रात्रीपेक्षा बरंच परवडतं. तिथे हाफ पँट चालत नाही. गॅलटुआज, 1905 पासूनचं, तिथे संध्याकाळी पुरुषांना जॅकेट लागतं, आणि शुक्रवारच्या दुपारी खालच्या मजल्यावर बुकिंग नसतं, रांगच लावायची. हे नियम आधी वाचा. दारातून परत फिरणं म्हणजे पाचातली एक जागा गेली.

आणि मेन्यूवरची किंमत ही किंमत नसते. कर आणि टीप धरून 30 टक्क्यांच्या आसपास वर चढतात. तिघांचं बजेट त्याच हिशेबाने काढा.

तुमच्या शहरासाठी

आता हे न्यू ऑर्लिन्सपुरतं नाही. चार्ल्सटनला जा, सव्हानाला जा, किंवा आपल्याकडच्या मदुराईला, तंजावरला जा. पाच गोष्टी करा.

एक, जेवणं मोजा आणि प्रत्येकाला मालक द्या.
दोन, तुमच्या तारखांना, त्या वारांना तिथे घरोघरी काय शिजतं ते शोधा. आधी पदार्थ, मग जागा.
तीन, कुठलं कधी बंद असतं ते कॅलेंडरवर मांडा. निम्मी यादी इथेच गळते.
चार, निदान एक जेवण पर्यटकांच्या भागाबाहेर, जिथे शहरातले लोक राहतात तिथे ठेवा.
पाच, ज्याच्या खाण्याला सगळ्यात जास्त अटी आहेत, त्याच्यासाठी सगळ्यात आधी फोन करा. शेवटी नाही, आधी.

जाता जाता, तिथे एक छान शब्द आहे, 'लान्यॅप'. गिऱ्हाइकाला वरून दिलेलं थोडंसं काहीतरी. आपल्या भाजीवाल्या मावशी मूठभर कोथिंबीर पिशवीत टाकतात ना, तेच. तर माझ्याकडून हे लान्यॅप: परतताना तिथल्या कुठल्याही किराणा दुकानातून कॅमेलिया ब्रँडच्या रेड बीन्सचं पाकीट घ्या. 1923 पासूनची तिथलीच कंपनी आहे. रात्री भिजत घाला, सोमवारी शिजवा. जिरं घालायचं की नाही, ते तुमच्या घरात ठरवा.

तुमच्या गावात कुठल्या वारी काय शिजतं? व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवते. भेटू. पोटभर जेवा!